हिरड्यांसाठी डीप क्लीनिंग, अँटिबायोटिक की माउथवॉश?

ब्रश करताना रक्त येतंय, डेंटिस्टनी डीप क्लीनिंग (हिरडीखालची सफाई) सांगितलंय आणि तुमच्या मनात चाललंय की गोळ्यांचा कोर्स किंवा माउथवॉशवर भागेल का, तर आधी हिरड्या बिघडवणारे बॅक्टेरिया राहतात कुठे ते बघा, सगळं त्यावरच ठरतं. ते दाताला चिकट थर करून बसतात, तो प्लाक, आणि तो तसाच राहिला की लाळेतल्या कॅल्शियमनं कडक होऊन त्याचं कीटण होतं. १९६५ मध्ये हॅराल्ड लोए या दंत-संशोधकांनी निरोगी हिरड्यांच्या लोकांना दात घासणं बंद करायला लावलं, दोन-तीन आठवड्यांत हिरड्या सुजल्या, परत घासायला लागल्यावर बऱ्या पण झाल्या. म्हणजे नुसती सूज असेल तर साधं स्केलिंग (दातांवरचं कीटण खरवडून काढणं) आणि नीट ब्रशिंग पुरतं, पुढची चर्चा तुमच्यासाठी नाहीच.

खरा प्रश्न पॉकेटचा. दात आणि हिरडीतली फट ३ मिमीपर्यंत नॉर्मल, ४ किंवा जास्त झाली आणि आतलं हाडही झिजलेलं दिसलं की पायोरिया, आणि या खोल फटीत ऑक्सिजन कमी असतो म्हणून पॉर्फिरोमोनस जिंजिव्हॅलिससारखे बॅक्टेरिया तिथे माजतात. गंमत म्हणजे हाड मुख्यतः ते खात नाहीत, त्यांच्याशी लढताना आपलीच प्रतिकारशक्ती ते झिजवते.

आता माउथवॉश. त्यातलं क्लोरहेक्सिडिन हे जंतुनाशक चांगलं आहे, पण चूळ भरून ते खोल पॉकेटमध्ये पोचत नाही आणि कीटण तर त्यानं निघतच नाही, वर जास्त दिवस वापरलं की दातांवर तपकिरी डाग पडतात, चव जाते. थोडे दिवस जोडीला ठीक, एकट्याच्या जिवावर नाही.

अँटिबायोटिकचं आकर्षण मला कळतं, गोळी घेणं सोपं. पण थराच्या आतले बॅक्टेरिया औषधाला मोकळ्या बॅक्टेरियांपेक्षा खूपच कमी दाद देतात, त्यामुळे थर न फोडता घेतलेल्या गोळ्या बहुतेक वाया जातात. अमॉक्सिसिलिन आणि मेट्रोनिडाझोल एकत्र, आणि तेही क्लीनिंगच्या जोडीला दिलं तर थोडा जास्त फायदा होतो हे खरं, तरी २०२० च्या युरोपियन गाइडलाइननं सरसकट द्यायला नकोच म्हटलंय, तरुण वयात बऱ्याच दातांना गंभीर आजार असेल तर विचार करावा एवढंच. मेट्रोनिडाझोल चालू असताना दारू नको, आणि उगाच घेतलेल्या अँटिबायोटिकनं रेझिस्टन्स (बॅक्टेरियांनी औषधाला न जुमानणं) वाढतो तो वेगळाच.

म्हणून माझं मत सरळ डीप क्लीनिंगकडे. हिरडी बधिर करून मुळावरचा थर आणि कीटण काढतात. नंतर थंड झिणझिणतं, दातांमधल्या फटी मोठ्या दिसतात आणि मग लोक म्हणतात क्लीनिंगनं दात ढिले झाले, अहो फट आधीचीच, कीटणानं आणि सुजेनं झाकलेली होती! कमजोरी पण आहे, ६ मिमीच्या पुढे किंवा दाढेच्या दोन मुळांमध्ये हत्यार नीट जात नाही, आणि बॅक्टेरिया काही आठवड्यां-महिन्यांत परत येतात, त्यामुळे सुरुवातीला साधारण दर ३ महिन्यांनी चेकअप आणि घरी दातांच्या फटीत फिरवायचा इंटरडेंटल ब्रश लागतोच. सिगारेट ओढणाऱ्यांचं रक्त कमी येतं म्हणून आजार लपतो, आणि शुगर कंट्रोलमध्ये नसेल तर कुठलाच पर्याय नीट लागू पडत नाही.

दोन-तीन महिन्यांनी पॉकेट परत मोजून घ्या, आकडे लिहून मागा, तेव्हाही ६ मिमी आणि रक्त असेल तर सर्जरीबद्दल विचारा.