दोन खोल्या, एक आऊटडोअर आणि माझे 1,14,000 रुपये

एसी बसवून घेताना मी फसले. आधी आकडा सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना तो डोक्यात राहील. 1,14,000 रुपये. त्यातले 64,000 यूपीआयने आणि 50,000 रोख. रोख का दिले हे तुम्ही विचारणार, सगळ्यांनी विचारलंय. त्याचं उत्तर पुढे येईलच, मला त्याची लाज वाटत असली तरी.

आमचं घर रत्नागिरी जिल्ह्याच्या उत्तर टोकाला, समुद्रापासून चालत पाच मिनिटांवर. गावाचं नाव लिहीत नाही. इथे सगळे सगळ्यांना ओळखतात आणि व्हायचं ते हसं होऊन गेलंय. 3 जून 2020 च्या निसर्ग वादळात मागची पडवी गेली. मग कर्ज काढून तिथे स्लॅबच्या दोन खोल्या बांधल्या आणि पर्यटकांना द्यायला लागले. कौलाखाली माणूस उन्हाळा काढू शकतो, स्लॅब म्हणजे मे महिन्यात तवाच. माझ्या मोदकांचं कौतुक लोक जाताना करतात. येण्याआधी फोनवर एकच प्रश्न असतो, "एसी आहे ना?" तीन सीझन "नाही हो" म्हणून फोन ठेवला. चौथ्याला धीर सुटला.

शेजारच्या भाच्याकडून या एसी बसवणाऱ्याचा नंबर मिळाला. दुकान नाही, नुसतं कार्ड. "मुंबईत अकरा वर्षं हेच काम केलंय, वहिनी." आमचे हे नोकरीसाठी मुंबईला, त्यामुळे व्यवहार माझ्याकडेच. मी दोन वेगळे स्प्लिट एसी घ्यायचं म्हणत होते, म्हणजे प्रत्येक खोलीत भिंतीवर एक इनडोअर आणि बाहेर त्याचा वेगळा आऊटडोअर डबा. त्यावर त्याने खोल्यांच्या मागची भिंत बघितली, समुद्राकडे बोट केलं आणि म्हणाला, "दोन आऊटडोअर लावाल तर खाऱ्या हवेत दोन्ही सडणार. त्यापेक्षा एका आऊटडोअरवर दोन इनडोअर घ्या. एकच डबा, एकच स्टँड, एकच सर्व्हिस."

हे खोटं नाही, म्हणूनच पटलं. एका आऊटडोअरवर दोन इनडोअर चालणारा सेट खरोखर मिळतो आणि मोठ्या घरांतून तो बसवतातही. आणि खाऱ्या हवेत आऊटडोअरची जाळी कशी भुगा होते हे इथे कोणाला सांगायला नको. फसवणाऱ्याने दहातली नऊ वाक्यं खरी बोलली की दहावं आपण तपासत नाही. आऊटडोअर बंद पडलं की दोन्ही खोल्या एकदम गरम होतात, एवढं एक मात्र तो बोलला नाही.

हिशोब असा झाला: सेट 84,000, तांब्याचा पाइप 19 मीटर, 900 रुपये मीटरने 17,100, केबल 4,600, स्टँड 1,800, व्हॅक्यूमिंग 1,500, फिटिंग 5,000. पक्कं बिल मागितलं. "देतो की. वर 28 टक्के जीएसटी लागेल." म्हणजे नुसत्या सेटवर 23,520 रुपये. मी गप्प बसले. तो म्हणाला, "रोख दिलेत तर बघतो काहीतरी." मी 50,000 रोख दिले. झालं समाधान? मी काही चोरी करायला निघाले नव्हते, कर्जाचे हप्ते भरत होते. आणि पाच महिन्यांनी, 22 सप्टेंबर 2025 ला, एसीवरचा जीएसटी 28 वरून 18 वर आला. माझं नशीब हे असं. पण तुम्हाला सांगते, बिल नसेल तर तुम्ही त्या वस्तूचे मालकही नाही आणि फसलेलेही नाही. कोणी तुम्हाला मोजतच नाही.

11 एप्रिलला सकाळी दहाला दोघं आले आणि चारला काम संपलं. आता त्या दुपारकडे मी रोज रात्री परत जाते.

काम झाल्यावर मी म्हटलं, पहिल्या खोलीचा एकटा लावून बघूया, बिल किती येतं त्याचा अंदाज घ्यायचाय. त्याने रिमोट माझ्या हातातून घेतला, अगदी हळू, हसत. "वहिनी, या सिस्टिममध्ये दोन्ही एकत्रच टेस्ट करायचे असतात. नाहीतर प्रेशर बिघडतं." दोन्ही लावले. दहा मिनिटांत दोन्ही खोल्या गार. त्याच्या पोऱ्याने माझ्याकडे बघितलं आणि लगेच जमिनीकडे. मी ते बघितलं होतं. त्या पोराची नजर मला दिसली होती, आणि मी काय केलं? आत जाऊन दोघांना कोकम सरबत करून आणलं. वर उरलेले 24,000 फोनवरून पाठवले.

तिथेच कळायला हवं होतं. दोन खोल्यांसाठीची यंत्रणा एका खोलीत चालवून दाखवता येत नसेल तर दोन खोल्यांचा सेट घ्यायचाच कशाला?

सहा दिवसांनी एकच कुटुंब आलं, पहिल्या खोलीत. एसी लावला तर नुसता वारा. रात्री अकरा वाजता शेजारची रिकामी खोली उघडली तर तिथला बंद एसी गळतोय, गादी भिजून चिंब. वरची झडप उचलली, आत कॉइलवर बर्फ, बोटभर जाड. बंद मशीनवर बर्फ! मी तिथे टॉर्च धरून उभी होते आणि मला काही कळेना. त्याला फोन केला. "नवीन मशीन आहे, सेट व्हायला वेळ लागतो. तोवर दोन्ही चालू ठेवा." मी ठेवले. एक खोली गार करायला महिनाभर दोन खोल्या गार करत राहिले. त्या महिन्याचं वीजबिल 9,870. गादी 6,200. त्या कुटुंबाला परत केले ते 3,500 वेगळेच.

खरं कारण पुढे कळलं, ते एवढं साधं आहे की राग आवरत नाही. अशा सेटमध्ये आऊटडोअरला दोन जोड्या असतात, ए आणि बी. ज्या खोलीला ए चा पाइप, तिलाच ए ची तार जायला हवी. याने तारा उलट लावल्या. पहिल्या खोलीने थंडावा मागितला की आऊटडोअर दुसऱ्या खोलीकडे गॅस सोडणार. तिथला पंखा बंद, म्हणून बर्फ. दोन्ही लावले की दोन्हीकडे गॅस जातो आणि सगळं छान दिसतं. त्याला हे माहीत होतं. दोन टोकं बदलायचं दहा मिनिटांचं काम त्याने केलं नाही, मला मात्र "प्रेशर" शिकवून गेला. तुमच्याकडे असा सेट बसवला तर एकेक खोली वेगळी लावून, दुसरी बंद ठेवून, अर्धा तास तिथेच बसा. पैसे त्यानंतर.

मेच्या मध्याला एमसीबी, म्हणजे तारेवर भार वाढला की वीज तोडणारं बोर्डातलं बटण, पडायला लागली. तो आला (तेव्हा अजून फोन उचलायचा), बोर्ड उघडला, जुनी काढून 32 अँपियरची लावून गेला. वर 350 रुपये घेतले. एमसीबी पडत होती ती तार वाचवायला पडत होती, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. जोडणी होती गिझरच्या जुन्या पॉइंटवरून, दीड चौरस मिलिमीटरच्या तारेवर. चारच्या तारेचे पैसे त्या 4,600 मध्ये गेलेले. चार दिवसांनी सॉकेट तपकिरी पडलं आणि खोलीत जळका वास. तुमची एमसीबी पडत असेल आणि कोणी मोठी एमसीबी लावून देत असेल, तर त्याला तसाच दाराबाहेर काढा.

25 मेला पाऊस आला. 2025 ला फारच लवकर आला, आठवत असेल. सासूबाई मागे पायऱ्यांवरचं शेवाळ घासायला गेल्या, आऊटडोअरला हात टेकला आणि ओरडल्या. हाताला झिणझिण्या. वय 78. नशिबाने पायात रबरी चप्पल होती. मी मेन बंद केला आणि त्या दिवशीपासून तो एसी चालू केलेला नाही. त्याला पुन्हा फोन केला तर नंबर बंद.

मग खेडहून एक ओळखीतला मुलगा बोलावला. व्हिजिटचे 800. त्याने पाइपवरचा काळा फोम जरा चिरला, कटरने पाइप खरवडला. वर तांबूस, आत पांढरा. अॅल्युमिनियम. तांब्याचा नुसता मुलामा. "काकू, खाऱ्या हवेत हा पितळेच्या नटाशी सांध्यावर किती टिकणार?" टेप लावून मोजला तर दोन्ही खोल्यांचा मिळून 13 मीटर. 19 चे पैसे घेतले होते, म्हणजे 5,400 रुपये हवेतले. इनडोअरला जाणारी केबल चार तारांची लागते, ही तीनची, अर्थिंगची हिरवी तार नाहीच. मेनची हिरवी तार होती, तिचं टोक कापून आत दुमडलेलं. व्हॅक्यूमिंगचं विचारलं तर म्हणाला, "पंप किती वेळ चालला होता?" कसला पंप? मला एक फुस्स आवाज आठवला, पाच सेकंदांचा. 1,500 रुपयांचं फुस्स. पंप पंधरा-वीस मिनिटं तरी घरघरत राहायला हवा, त्याशिवाय पाइपातली हवा आणि दमट ओल जात नाही. आणि आपल्याकडच्या हवेत ओल किती असते!

यापुढचं पावसाने केलं. आऊटडोअरच्या बाजूला मॉडेलचं चकचकीत स्टिकर होतं. आठवडाभर झोडपल्यावर त्याचा कोपरा सुटला. त्या मुलाने नखाने ओढलं. खाली दुसरी पट्टी, पिवळट, अर्धी खरवडलेली: उत्पादन 2016, गॅस आर-410ए. वरच्या स्टिकरवर आर-32. कुठल्या तरी ऑफिसातून काढलेला नऊ वर्षांचा जुना सेट रंग मारून, धुऊन, नवे रिमोट देऊन मला 84,000 ला विकला होता. मुलगा हात पुसत म्हणाला, "आत आता कुठला गॅस आहे हे त्यालाच माहीत. मी याला गेज लावणार नाही." दोन्ही गॅस एकमेकांच्या जागी चालत नाहीत आणि आर-32 पेट घेऊ शकतो. खोकं तुमच्यासमोर उघडायला लावा. इनडोअर-आऊटडोअरचे सिरियल नंबर फोटो काढून पैसे देण्याआधी कंपनीच्या कस्टमर केअरला वाचून दाखवा. माझ्याकडे खोकं आलंच नव्हतं. "गाडीत जागा नव्हती, तिकडेच उघडून आणला." हेही मी ऐकून घेतलं.

आता सरकारी पाहुणचार. पोलिसांकडे गेले. पहिला प्रश्न, "साहेब कुठे आहेत?" साहेब मुंबईला आहेत, पैसे माझे गेलेत. "बिल?" नाही. "मग हा दिवाणी मामला आहे, बाई." नव्या न्याय संहितेत फसवणुकीचं कलम 318 आहे, असं मी म्हटल्यावर समोरचा हसला आणि चहा मागवला, स्वतःला. यूपीआयने दिलेत ना, मग सायबरला सांगा. सायबर फसवणुकीच्या 1930 हेल्पलाइनला फोन केला. ओटीपी दिलात का? लिंक उघडलीत का? नाही, स्वतः पाठवले. मग ही सायबर फसवणूक नाही. म्हणजे रोख दिले तर पुरावा नाही आणि ऑनलाइन दिले तर गुन्हा नाही. कंपनीने सांगितलं, आमच्या नोंदीत तुम्ही ग्राहकच नाही. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, 1915 ला, तक्रार नोंदवली, नंबर मिळाला, आणि काही दिवसांनी मेसेज आला की तक्रार बंद करण्यात आली आहे. का बंद, कोणी केली, कोणाला विचारून?

शेवटी जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात गेले. पहाटेची एसटी, महामार्गावरचे खड्डे, आणि तिथल्या टेबलावर वाक्य ऐकलं: "तुम्ही खोल्या भाड्याने देता, म्हणजे व्यावसायिक वापर. तुम्ही ग्राहकात बसत नाही." तोंड पाडून परत आले. नंतर एका वकील मुलीने 2019 चा ग्राहक संरक्षण कायदा उघडून दाखवला. स्वतःच्या पोटापाण्यासाठी स्वतः चालवलेल्या कामाला घेतलेली वस्तू व्यावसायिक वापरात धरत नाहीत. पाच लाखांपर्यंतच्या तक्रारीला फी नाही आणि दोन वर्षांची मुदत आहे. हे टेबलावरच्या माणसाला माहीत नसेल? माहीत असेल. मला हाकलणं सोपं होतं. आता अर्ज तयार आहे, फक्त समोरच्याचा पत्ता हवा. कार्डावरच्या पत्त्यावर चिकनचं दुकान निघालं.

तो जिवंत आहे, धंद्यात आहे. माझ्या दोन खोल्यांचा फोटो, माझ्याच आईने विणलेली चादर पलंगावर स्पष्ट दिसणारा, त्याने आपल्या जाहिरातीला वापरलाय. मागच्या आठवड्यात खाडीपलीकडून एका बाईंचा फोन आला. तो फोटो बघून, कोणाकोणाला विचारत त्या माझ्यापर्यंत पोचल्या होत्या. "तुमच्याकडे त्यांनीच बसवलाय ना? काम कसं आहे हो?" चाळीस मिनिटं बोलले. सगळं ऐकून त्या बराच वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "मी परवाच त्याला 30,000 दिलेत. रोख."