२४ व्होल्टच्या गाड्यांसाठी डीसी क्लॅम्प मीटर: काही महिन्यांच्या वापरानंतर

ट्रक-बसच्या सेल्फ (इंजिन सुरू करणारी मोटर) आणि चार्जिंगच्या कामासाठी १००० अँपिअरचा डीसी क्लॅम्प मीटर (केबलभोवती जबडा लावून करंट मोजणारा) काही महिने रोज वापरात आहे. घ्यावा असाच आहे, पण एकटा पुरत नाही. सोबत चांगला व्होल्टमीटर लागतोच.

घेताना तो डीसी करंट मोजतो ना, हे आधी बघा. स्वस्तातले बरेच क्लॅम्प फक्त एसीचे असतात, बॅटरीच्या केबलवर ते कामाचे नाहीत. जाड केबल पाइपसकट आत बसेल एवढा जबडा उघडायला हवा. इनरशचं (सुरुवातीचा झटका पकडणारं) बटण असलं तर बरं, पण त्यासाठी जास्त पैसे मोजू नका. सेल्फ लागतानाचा पहिला झटका क्षणभराचा असतो. दोष सापडतो तो इंजिन फिरत असतानाच्या स्थिर करंटवरून.

सेल्फचा करंट मोजताना गिअर न्यूट्रल, हँडब्रेक ओढलेला, चाकांना ठोकळे आणि इंजिन सुरू होऊ नये म्हणून डिझेल बंद. जबडा सेल्फच्या केबलजवळ आणून, पण केबल आत न घेता मीटर झिरो करा, मग केबल घ्या आणि दहा सेकंद सेल्फ मारा. करंट नेहमीपेक्षा जास्त आणि इंजिन जड फिरतंय, तर सेल्फ आतून शॉर्ट आहे, आर्मेचर (आतला फिरता भाग) घासतंय किंवा इंजिनच जाम आहे. करंट कमी आणि फिरणंही मंद, तर बॅटरी उतरलेली किंवा वाटेत कुठेतरी रोध. टक् आवाज येतो आणि करंट जवळपास नाहीच, तर सोलेनॉइडचे (सेल्फला करंट जोडणाऱ्या चुंबकी स्विचचे) कॉन्टॅक्ट किंवा सेल्फचे झिजलेले ब्रश.

रोध शोधताना मात्र व्होल्टमीटरच हातात घ्यावा लागतो. ६०० अँपिअरला १ व्होल्ट पडतो म्हणजे रोध दोन मिलिओहमसुद्धा नाही. ओहमच्या रेंजवर तो दिसणारच नाही. म्हणून सेल्फ चालू असतानाच मोजायचं. एक प्रोब बॅटरीच्या पॉझिटिव्ह खांबावर (लगवर, म्हणजे केबलच्या टोकाच्या पकडीवर नाही, खांबाच्या शिशावर), दुसरा सेल्फच्या मोठ्या स्टडवर. मग हा दुसरा प्रोब लगवर आणा, तिथून कट-ऑफ स्विचच्या (बॅटरी तोडणाऱ्या मुख्य स्विचच्या) दोन्ही बाजूंना. एका जोडावर ०.२ व्होल्टपेक्षा जास्त पडत असेल तर तो जोड खोलून घासा. कट-ऑफ स्विच बाहेरून नवा दिसला तरी आतून जळलेला असू शकतो. निगेटिव्ह बाजू बहुतेक जण मोजतच नाहीत, आणि दोष बऱ्याचदा तिथेच निघतो: इंजिन ते चॅसिस अर्थची पट्टी गंजलेली असते. बॅटरी बदलण्याआधी एवढं केलंच पाहिजे.

चार्जिंगला क्लॅम्प अल्टरनेटरच्या बी प्लसच्या (बॅटरीकडे जाणाऱ्या मुख्य) केबलवर. इंजिन १५०० आरपीएमला, हेडलाइट आणि ब्लोअर चालू. बॅटरीवर साधारण २७.५ ते २८.५ व्होल्ट दिसायला हवेत. सुरुवातीचा मोठा करंट बॅटरी भरत जाईल तसा उतरतो. तासाभरानेही उतरत नसेल तर एखादा सेल शॉर्ट आहे का बघा. व्होल्टेज कमी असेल तर अल्टरनेटर खोलण्याआधी बेल्टचा ताण आणि की ऑनला चार्जिंगचा दिवा लागतो का ते तपासा. बऱ्याच अल्टरनेटरांत दिवा उडाला की एक्सायटेशनच (अल्टरनेटरला चालू व्हायला लागणारा सुरुवातीचा करंट) जातं. एकूण २८ दिसले म्हणून थांबू नका, १२-१२ व्होल्टच्या दोन्ही बॅटऱ्या वेगवेगळ्या मोजा. टेप किंवा चार्जरसाठी एकाच बॅटरीवरून १२ व्होल्ट ओढले असतील तर ती उपाशी राहते आणि दुसरी उकळते.

खटकलेल्या गोष्टी दोन. झिरो सरकत राहतो, उन्हात जास्त, त्यामुळे प्रत्येक मापाआधी पुन्हा झिरो करावं लागतं. दुसरी मोठी: ०.१ अँपिअरच्या खाली तो काही सांगत नाही, त्यामुळे उभ्या गाडीत बॅटरी उतरवणारी ५०-१०० मिलिअँपिअरची गळती त्याने सापडत नाही. त्यासाठी मिलिअँपिअरचा छोटा क्लॅम्प वेगळा घ्या, आणि गाडी बंद केल्यावर ईसीयू (गाडीचा कंट्रोल कॉम्प्युटर) झोपेपर्यंत, साधारण अर्धा तास, थांबून मगच मोजा.