जिलेटिनची वडी की चिकनचा तुकडा? सुई शिकवायला काय घ्यावं

विद्यार्थ्यांना अल्ट्रासाउंडखाली शिरेत सुई घालायला शिकवायचं, आणि विकतच्या फँटमची, म्हणजे सरावाच्या नकली मांसाची, फाइल अजून मंजुरीत अडकलेली. मग घरगुती पर्याय दोनच.

जिलेटिन स्वस्त आणि स्वच्छ, यात वाद नाही. लिटरभर पाण्याला शंभर ग्रॅम पावडर, दोन मोठे चमचे इसबगोल, वरचा फेस काढून रात्रभर फ्रीजमध्ये. इसबगोल नसेल तर पडदा काळाकुट्ट दिसतो, असेल तर मांसासारखा करडा. फक्त दाट व्हायला लागेपर्यंत ढवळावं लागतं, नाहीतर सगळं तळाशी बसतं. मे महिन्यात एसी बंद पडला की वडीचा रस्सा होतो. शाकाहारी मुलांची सोय म्हणून जिलेटिन आणणाऱ्यांनी ते हाडा-कातड्यांपासूनच बनतं हे विसरू नये. चायना ग्रास चालतं, पण सुईने तडकतं.

खरा वैताग वेगळाच. सुई काढली तरी तिची वाट बुजत नाही. तिच्यात हवा शिरते आणि ती पडद्यावर पांढरी चमकते. आउट-ऑफ-प्लेनमध्ये प्रोब (अल्ट्रासाउंडचा अंगावर टेकवायचा भाग) सुईला आडवा असतो आणि सुई पडद्यावर नुसता ठिपका दिसते. तेव्हा आपण मुलांना घोकवतो की ठिपका म्हणजे टोक नव्हे. प्रोब पुढे सरकवा, ठिपका गेला की थांबा, मग सुई पुढे घ्या. वीसेक टोचे झालेल्या वडीत असे ठिपके आधीच चार-पाच असतात. मुलगा शिरेच्या वरच्या जुन्या ठिपक्यावर नजर लावून सुई ढकलत राहतो. ठिपका जागचा हलत नाही आणि खरं टोक तोवर मागच्या भिंतीतून पार. ट्रे गरम पाण्यात ठेवून वडी वितळवली की वाटा बुजतात, पण पुन्हा गोठेपर्यंत बॅच घरी गेलेली असते.

चिकनमध्येही वाट राहते, पण तंतू तिला बऱ्यापैकी मिटवून टाकतात. शिवाय तिथे सुई हरवते, अगदी पेशंटमध्ये हरवते तशी, आणि प्रोब कलता करून शोधावी लागते. जिलेटिनमध्ये ती इतकी लख्ख दिसते की ही सवयच लागत नाही.

बोनलेस ब्रेस्टचा जाड तुकडा घ्यावा. लांब आर्टरी फोरसेप्सने (चिमट्याने) आरपार बोगदा करून त्यातून पाणी भरलेले लांबट फुगे ओढावेत: सैल भरलेला म्हणजे शीर, प्रोबखाली दबते, टम्म भरलेला म्हणजे धमनी. हे सगळं बादलीत, पाण्याखालीच करावं. बोगद्यात हवा राहिली तर खाली नुसती सावली. फुग्यात लाल रंग घातला की सिरिंजमध्ये फ्लॅश, म्हणजे रक्त आल्याची खूण, दिसतो. टम्म फुगा मात्र पहिल्याच टोच्याला पिचकारी मारतो, तेव्हा जास्तीचे भरून ठेवलेले बरे.

वास, हातमोजे, प्रोबवर क्लिंग फिल्म, खाली बर्फ, संध्याकाळी विल्हेवाट हा व्याप आहेच. काही मुलं हात लावायला नकार देतील. त्यांच्यापुरती एक ताजी वडी ठेवावी. आणि पीसीपीएनडीटी या गर्भलिंगनिदान-बंदी कायद्यामुळे अल्ट्रासाउंडचं यंत्र नोंदणीच्या जागेवरून सहज हलवता येत नाही. चिकनचा ट्रेच यंत्रापाशी न्यावा लागतो, तेव्हा तिथल्या सिस्टरना आदल्या दिवशी सांगून ठेवावं.