मुलांचे १२० सीसीचे स्नोमोबाइल: एका हिवाळ्याच्या वापरानंतर

आम्ही अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात, डुलुथ शहराच्या उत्तरेला राहतो. गेल्या ऑक्टोबरमध्ये दहा वर्षांचा मुलगा आणि सात वर्षांची मुलगी यांच्यासाठी १२० सीसीचे एक वापरलेले स्नोमोबाइल, म्हणजे बर्फावर पट्ट्याने चालणारी छोटी गाडी, घेतले आणि पुरेसा बर्फ साचल्यापासून मार्चअखेरपर्यंत दोघांनी ते आलटून पालटून चालवले. आमच्या मोठ्या स्नोमोबाइलवर आमच्यामागे बसून मुले फिरतच होती, मग वेगळी गाडी कशाला, असा घरात वाद होता. तो पहिल्या आठवड्यातच मिटला, कारण मागे बसून कंटाळणारी मुलगी हँडल हातात येताच उतरायला तयार होईना.

गाडी साधी आहे. एक सिलिंडरचे इंजिन दोरी ओढून सुरू होते, थ्रॉटलची (वेग वाढवण्याची) पट्टी उजव्या अंगठ्याशी, ब्रेक डाव्या हाताला आणि वेग गव्हर्नर या मर्यादा घालणाऱ्या भागामुळे ताशी १५ किलोमीटरच्या आसपास अडतो. सुरक्षा-दोरीचे एक टोक मुलाच्या जॅकेटला अडकवलेले असते. मूल पडले की दोरी निघते आणि इंजिन बंद होते. साताऱ्याहून व्हिडिओ कॉलवर पाहणाऱ्या आजींनी सर्वांत आधी ब्रेकची चौकशी केली होती. त्यांचे समाधान ब्रेकपेक्षा या दोरीने झाले.

खरी अडचण हातमोज्यांची निघाली. जाड मोज्यात मुलीचा अंगठा थ्रॉटलपर्यंत नीट पोहोचत नसे, त्यामुळे ती सगळा तळहात वळवून पट्टी दाबे आणि हँडलवरची पकड सुटे. पातळ मोजे घातले, तर उणे १२ अंशांत बोटे थोड्याच वेळात बधिर होत. शेवटी पातळ मोजे घालून फेऱ्या आखूड ठेवणे आणि मध्ये घरात येऊन हात शेकणे एवढेच जमले. घेणाऱ्यांनी मुलाला मोज्यांसह गाडीवर बसवून अंगठा पोहोचतो का, हे आधी पाहावे.

हंगामाच्या सुरुवातीला बर्फ पातळ असतो आणि त्याखाली दगड, झाडांचे बुंधे दडलेले असतात. शिवाय गाडीचा फिरणारा पट्टा ज्यांवरून घसरतो, त्या आतील प्लॅस्टिकच्या पट्ट्यांना वंगण आणि गारवा मिळतो तो सैल बर्फातूनच. उघड्या जमिनीवर किंवा निखळ गोठलेल्या थरावर त्या तापतात आणि झपाट्याने झिजतात. म्हणून पुरेसा बर्फ साचेपर्यंत आम्ही थांबलो, मग संध्याकाळी मोठ्या गाडीने मागच्या मोकळ्या जागेत वर्तुळाकार वाट दाबून घेतली आणि ती रात्रभर घट्ट बसल्यावर सकाळी मुलांना सोडले. मऊ बर्फात छोटी गाडी रुतते, तिला रिव्हर्स नाही आणि ती उचलून वळवणे मुलांच्या आवाक्याबाहेरचे असते; दाबलेल्या वाटेवर मात्र एक जण चालवत असताना दुसऱ्याला मध्ये उभे राहून शेरे मारता येतात, जे त्यांना चालवण्याइतकेच आवडते.

गोठलेल्या तळ्यावर जाण्याची घाई आम्ही केली नाही. राज्याचे नैसर्गिक संसाधन खाते स्नोमोबाइलसाठी पाणी गोठून झालेल्या किमान ५ ते ७ इंच जाडीच्या स्वच्छ, नव्या बर्फाची शिफारस करते. पांढरट बर्फाची ताकद निम्मीच धरायची, त्यामुळे तिथे जाडी दुप्पट हवी. मुलांची गाडी हलकी असली, तरी शेजारून मोठी गाडी जाणारच, तेव्हा मोजमाप मोठ्या गाडीचेच धरावे.

देखभाल थोडीच आहे, पण टाळता येत नाही. उन्हाळाभर टाकीत राहिलेले पेट्रोल कार्ब्युरेटरमध्ये चिकट होते आणि मग दोरी ओढून ओढून खांदा दुखतो. एप्रिलमध्ये टाकी आणि कार्ब्युरेटर दोन्ही रिकामे करावेत. एअरबॉक्समध्ये (इंजिनाला हवा पुरवणाऱ्या डब्यात) उंदरांचे घरटे आहे का, हेही पाहावे.

मुलाला ही गाडी फेब्रुवारीतच संथ वाटू लागली. सार्वजनिक वाटांवर एकट्याने चालवण्यासाठी लागणारे सुरक्षा प्रमाणपत्र १२व्या वर्षापासूनच ग्राह्य धरतात, तोपर्यंत त्याला २०० सीसीची गाडी मागच्या आवारासाठी पाहू. ही धाकटीकडे राहील. दहा वर्षांच्या मुलासाठी आज पहिली गाडी घ्यायची असती, तर मी १२० सीसी घेतली नसती.