ऑफिसचे संगणक: विंडोज ११ की लिनक्स?

विंडोज १० चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. आता बहुतेक ऑफिसांपुढे दोन वाटा आहेत: विंडोज ११ घ्यायचं, नाहीतर उबुंटू किंवा मिंटसारख्या लिनक्सवर (मोफत ऑपरेटिंग सिस्टिमवर) जायचं.

विंडोज ११ ला टीपीएम २.० (मशीनमधली सुरक्षेची चिप) आणि मायक्रोसॉफ्टच्या यादीतला प्रोसेसर लागतो. म्हणजे धडधाकट चालणारी कित्येक मशीनं बाद. लिनक्सला ही अट नाही. ४ जीबी रॅमवरही मिंटची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती बऱ्यापैकी पळते. लायसन्सचा खर्चही नाही. इथे लिनक्स सरळ पुढे आहे.

खरी अडचण एक्सेलची. साधी शीट लिबरऑफिस या मोफत ऑफिस पॅकेजच्या कॅल्कमध्ये नीट उघडते, पण अकाउंट्सवाल्यांनी वर्षानुवर्षं जमवलेले मॅक्रो (शीटमधली कामं आपोआप करणारे छोटे प्रोग्राम) अनेकदा अडतात, कारण ते व्हीबीए या मायक्रोसॉफ्टच्या प्रोग्रामिंग भाषेत लिहिलेले असतात आणि कॅल्कला ते अर्धवटच झेपतं. महत्त्वाची प्रत्येक फाइल आधी उघडा, तिच्यातलं प्रत्येक बटण दाबून बघा. स्कॅनर आणि डिजिटल सहीचं टोकनही तसंच तपासा. दिवसभर ब्राउझरमध्येच काम करणाऱ्यांना मात्र फरक जेमतेम जाणवतो.

जर्मनीतल्या म्युनिक महापालिकेने हजारो संगणक लिनक्सवर नेले आणि २०१७ मध्ये पुन्हा विंडोजकडे वळायचं ठरवलं. फ्रान्सच्या जाँदार्मरी या पोलीस दलाने आधी ओपनऑफिस (लिबरऑफिस ज्यातून निघालं ते पॅकेज) आणि फायरफॉक्स ब्राउझर रुळवला, मग उबुंटू आणलं; ते टिकलं. मला हाच क्रम पटतो. आधी विंडोजवरच लिबरऑफिस द्या, हात बसू द्या. अकाउंट्सची दोन-चार मशीनं शेवटपर्यंत विंडोजवर राहिली तरी काही बिघडत नाही.