खाडीच्या चिखलात डिजिटल कॅलिपर: दोन तारे, तेही लॅबमधल्या कामाचे

वापर नोव्हेंबर ते मार्च, भाट्ये खाडी, रत्नागिरी. काम एकच, तिसऱ्यांची, म्हणजे खाडीतल्या खायच्या शिंपल्यांची, लांबी मोजणे. (मालवणकडच्यांनी शिवल्या वाचावं.)

मी कॉलेजात प्राणीशास्त्र शिकवते. उधाणाला, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या मोठ्या भरती-ओहोटीला, पाणी लांब ओसरलं की पाच-सहा मुलांना घेऊन खाडीत उतरते. पीव्हीसी पाइपची 25 सेंटिमीटरची चौकट चिखलावर टाकायची, आतला गाळ 15 सेंटिमीटर खोल उपसायचा, चाळायचा, उरतील त्या तिसऱ्या मोजून परत चिखलात खोचायच्या. नुसत्या वर टाकून आलं तर कुर्ल्या आणि पक्षी टपलेलेच असतात. अशा 16 चौकटी झाल्या की एक चौरस मीटर. ऐकायला सोपं वाटतं. गुडघाभर चिखलात वाकून करून बघा.

आधी पट्टीवर भागवत होतो. मुलं एकाच तिसरीच्या तीन लांब्या सांगायची, म्हणून ऑनलाइन नऊशे रुपयांचा डिजिटल कॅलिपर मागवला. वस्तू जबड्यात धरायची, लांबी पडद्यावर दिसते. खोक्यावर 'स्टेनलेस', पडद्यावर 0.01 मिलिमीटर. पहिल्या दिवशी मीही खूश होते.

पहिली अडचण पाण्याची. या स्वस्त कॅलिपरांत सरकत्या भागाखाली विद्युत पट्टी असते, तिच्यावर ओल आली की आकडे नाचायला लागतात. खाऱ्या पाण्याने तर जास्तच. तिसरी तशीच जबड्यात धरलेली आणि पडद्यावर 31, मग 44, मग काहीच नाही. दुसरी अडचण उजेडाची. इथे उधाणाची ओहोटी पहाटे नाहीतर संध्याकाळी लागते आणि पडद्याला दिवा नाही. तिसरी अडचण, हा बंद असतानाही बॅटरी खातो. दोन फेऱ्यांत बटणसेल खलास. गंज चौथ्या फेरीला दिसला. घरी आल्यावर गोड्या पाण्याने पुसत होते तरीही.

सगळ्यात महागात पडलं ते शून्याचं बटण. एका विद्यार्थ्याचा चिखलाचा अंगठा त्यावर पडला तेव्हा जबडा अर्धवट उघडा होता. तिथून पुढची प्रत्येक तिसरी लहान नोंदली गेली. आम्हाला पत्ता नाही. शेजारी तिसऱ्या काढणाऱ्या एक मावशी बराच वेळ आमचे आकडे ऐकत होत्या. त्या म्हणाल्या, "काय गो बाई, ही बोटाच्या दोन पेरांएवढी, आणि पोरगा वीस काय म्हणतो?" चाळीसेक तिसऱ्या बादलीत होत्या म्हणून वाचलो, सगळ्या पुन्हा मोजल्या. मावशींच्या पेरांना बॅटरी लागत नाही.

मुळात 0.01 मिलिमीटर हवंय कुणाला? आम्ही नोंदी करतो त्या एक-एक मिलिमीटरच्या गटांत. शिंपल्याची कडच जिथे झिजलेली, टवका उडालेली, तिथे दशांशाला काय अर्थ! चूक होते ती दुसरीकडे. नवखी मुलं बिजागरीपासून समोरच्या कडेपर्यंत मोजतात, ती उंची. लांबी म्हणजे आडवं, सगळ्यात दूरच्या दोन टोकांमधलं अंतर. हे कुठलंही यंत्र सांगत नाही.

आता दीडशे रुपयांचा प्लास्टिकचा साधा व्हर्नियर, म्हणजे रेघांवर वाचायचा बिनबॅटरीचा कॅलिपर, वापरतो. पाच तारे. बादलीत बुडवला, खळबळून काढला, काम चालू. रेघा माझ्या चाळिशीला दिसत नाहीत, म्हणून दर पाच मिलिमीटरवर मार्करने लाल रेघ मारलीय आणि डोक्याला टॉर्च. गळ्यात अडकवायला सुतळी. एवढंच.

हार्डवेअरच्या दुकानातल्या बारीक जाळीच्या चाळणीलाही पाच तारे, कारण तिच्याशिवाय व्हर्नियर खोटं बोलतो. बाजारातला वाटा मोजून खाडी कळत नाही. वाट्यात मोठ्याच येतात, पिल्लं मागे राहतात. चाळणीत नखाएवढ्या सापडल्या तर यंदा नवी पिढी बसली आहे हे कळतं.

आमच्या आलेखात गावालगतच्या, रोज पाय पडणाऱ्या पट्ट्यात मोठ्या तिसऱ्या जवळपास नाहीत. होडीने जावं लागतं त्या पलीकडच्या पट्ट्यात आहेत. मुलांनी लगेच निकाल दिला, "मॅडम, जास्त काढल्यामुळे." असेलही. पण पलीकडे वाळू जास्त आहे, पाणीही उशिरा हटतं. शिवाय पावसाळ्यात गोडं पाणी खाडीत लोटलं की तिसऱ्या आपोआपही मरतात. एका हिवाळ्याच्या मोजणीवर मावश्यांना दोषी धरायची माझी तयारी नाही.

मुलांना केरळमधल्या अष्टमुडी खाडीतल्या शिंपल्यांचं उदाहरण देते, कारण तिथे मोजणीतून नियम निघाले. 1991 मध्ये वर्षाला दहा हजार टनांपर्यंत गेलेला उपसा 1993 मध्ये निम्म्यावर आला. मग डिसेंबर ते फेब्रुवारी या प्रजननाच्या काळात काढणी बंद, जाळ्याचा आस (भोकाचं माप) किमान 30 मिलिमीटर, आणि निर्यातीच्या एक किलो मांसात 1400 पेक्षा जास्त नग नकोत, म्हणजे बारीक माल नको. 2014 मध्ये या मासेमारीला मरीन स्टुअर्डशिप काउन्सिल या आंतरराष्ट्रीय संस्थेचं शाश्वत मासेमारीचं प्रमाणपत्र मिळालं, भारतातलं पहिलं. पण तिथला 30 चा आकडा उचलून इथे लावता येणार नाही. जात वेगळी, वाढ वेगळी. आमची तिसरी किती लांबीला पहिल्यांदा अंडी धरते ते इथेच उघडून बघावं लागेल.

त्यासाठी मात्र डिजिटल कॅलिपर ठेवलाय. कोरड्या टेबलावर, वाळलेल्या शिंपल्यांवर, दिव्याखाली तो नीट चालतो, जाडीसुद्धा चांगली मोजतो. बॅटरी काढून डबीत ठेवते. खाडीसाठी विकत घेत असाल तर घेऊ नका, आणि विक्रेत्याने 'वॉटरप्रूफ' म्हटलं तर आधी त्याच्याकडून मिठाच्या पाण्यात बुडवून घ्या. आमच्या विक्रेत्याने परतीचा अर्ज 'ग्राहकाने भिजवला' म्हणून नाकारला. तसं म्हटलं तर खरंच आहे.