पॅडल पळतं! मोटरवालं शिलाई मशीन, नऊ महिन्यांनंतर

आधीच सांगतो, मी टेलर नाही. सोलापुरात एका कॉलेजच्या लॅबमध्ये नोकरीला आहे आणि स्वभावाने चिकट आहे, हे घरात सगळ्यांना मान्य आहे. मशीन घेतलं तेही त्याच्यापायीच. माझी उंची पाच फूट चार इंच, रेडिमेड पँट घेतली की खालून चार बोटं कापणं आलंच, आणि नुसतं खालून दुमडून टीप मारायचे आमच्याकडे 80 रुपये घेतात. वर बायकोच्या साड्यांचं पिको-फॉल, 150 च्या खाली कुणी हात लावत नाही. पोराच्या शाळेच्या पँटा दर सहा महिन्यांनी उसवतात ते वेगळंच. एका रविवारी बसून वर्षाचा हिशोब काढला, अडीच हजाराच्या आसपास गेला. म्हणलं चार वर्षांत वसूल, आणि दसऱ्याच्या सेलमध्ये 9,490 ला झिगझॅग मशीन मागवून टाकलं.

मशीन काय काय करतं हे बहुतेकांना माहीत असतं, 21 प्रकारचे टाके (त्यातले मी 3 वापरतो), समोरून बसणारी बॉबिन (खालच्या दोऱ्याची गिट्टी), चार टप्प्यांत होणारं काज, वजन 6 किलोच्या आसपास. ते सोडून देऊ. मला पॅडलबद्दल बोलायचंय.

आमच्या घरात फरशी व्हिट्रिफाइड, गुळगुळीत. पॅडलच्या खाली रबराच्या चार टिकल्या आहेत, हरभऱ्याच्या डाळीएवढ्या. पाय दाबला की पॅडल पुढं सरकतं. तुम्ही पाय लांब करता, ते अजून पुढं. दहा मिनिटांनी तुम्ही खुर्चीत अर्धे आडवे, पाय भिंतीला टेकलेला आणि डोळ्याच्या रेषेत सुई. हसू नका, वापरून बघा. आणि प्रश्न नुसता बसण्याचा नाही, टाच जमिनीवर टेकलेली असली तरच वेगावर ताबा राहतो, पॅडल लांब गेलं की नुसत्या अंगठ्याने दाबावं लागतं आणि मग मशीन एकतर बंद नाहीतर सुसाट. साडेनऊ हजाराच्या वस्तूत पाच रुपयाचं रबर वाचवलंय! पायपुसणं खाली घातलं, तर पॅडल पायपुसण्यासकट पळालं. दोन्हीकडून चिकटणारी टेप लावली, दुसऱ्या दिवशी फरशी पुसताना सुटली. परकराच्या नाडीने टेबलाच्या पायाला बांधून बघितलं, तर आता पॅडल आडवं फिरायला लागलं.

बाकी पहिला महिना तसा बरा गेला. म्हणजे पहिले चार दिवस सोडून. ते चार दिवस कापडाच्या खालच्या बाजूला दोऱ्याची नुसती जाळी तयार होत होती, आणि गुंता खाली होतोय म्हणजे दोष बॉबिनचाच असं धरून मी बॉबिन काढ, परत भर, बॉबिनच्या डबीचा, म्हणजे केसचा, बारीक स्क्रू पीळ, असं करत बसलो. शेवटी बायको आली, एक नजर टाकली आणि म्हणाली, "वरचा दोरा ओवताना फूट वर केला होता का?" नव्हता केला. फूट, म्हणजे कापड दाबून धरणारा तो लोखंडी पाय, खाली असला की दोरा ताणून धरणाऱ्या टेन्शनच्या चकत्या घट्ट मिटलेल्या असतात, दोरा त्यांच्यामध्ये बसतच नाही, वरून ओढच राहत नाही आणि मग सगळा दोरा खाली जाऊन गोळा होतो. गुंता खाली दिसतो पण रोग वर असतो. हे मॅन्युअलमध्ये लिहिलंय म्हणे. मॅन्युअल मी नंतर वाचलं.

पिको-फॉलचं खरं सांगतो, कारण बरेच जण त्याच हिशोबाने घेतात. फॉल मस्त लागतो, आम्ही तो हातानेच लावतो तो भाग वेगळा. पिको मात्र बाजारातल्यासारखा गोलसर, बारीक येत नाही, त्यांचं मशीन त्याच कामाचं असतं. इथं कड बारीक दुमडून वरून दाट झिगझॅग मारायचा. कॉटनवर, इरकलीवर छान दिसतो. जॉर्जेटवर पहिल्याच हाताला साडीचं टोक मशीनने गिळलं. झिगझॅगला सुई डावी-उजवीकडे जाते त्यामुळं खालच्या प्लेटचं भोक आडवं, लांब असतं, आणि पातळ कापड सुईबरोबर त्यात खाली ओढलं जातं. उपाय फुकटातला आहे, कापडाखाली पातळ कागद ठेवून शिवायचं आणि नंतर कागद फाडून काढायचा. मी आधी पेपरची पट्टी घेतली, शाई साडीला लागली, मग काय ऐकावं लागलं ते इथं लिहीत नाही. कोरा कागद घ्या.

आता मुख्य भानगड. फेब्रुवारीत माझीच जीन्स आखूड करायला घेतली. सरळ भागावर चांगली चालली होती, पण बाजूची शिवण येते तिथं दुमडल्यावर कापडाचे सहा-आठ थर होतात, तिथं फूट चढेना. मी जरा जोर दिला, तेवढ्यात पॅडल सटकलं, ते धरायला पाय गेला तो पूर्ण दाबला गेला, मशीन सुसाट, सुई वाकली आणि प्लेटवर आपटून तुटली. टक्कन आवाज. नवी सुई घातली, चपटी बाजू मागे आहे ना तेही बघितलं, दोरा दोनदा ओवला, पण टाकाच पडेना. सुई खाली जाते, वर येते, भोकं पडतात, शिवण नाही.

इथून सर्व्हिसची कथा. फोन केला, तक्रार नंबर मिळाला, अकरा दिवसांनी एक मुलगा आला. चाक फिरवून बघितलं आणि म्हणाला टायमिंग गेलंय. वॉरंटीत आहे ना? तर नाही, हे "युझर डॅमेज" आहे, मशीन पुण्याला पाठवावं लागेल, 1,450 रुपये, जाण्यायेण्याचा खर्च तुमचा, आणि आजच्या व्हिजिटचे 350. मी म्हणलं बाबा, पॅडल पळतं म्हणून हे झालं, पॅडल तुमचं आहे. त्याने पॅडल दाबून बघितलं आणि म्हणाला, "पॅडल तर चालू आहे की." इथं माझं डोकं गेलं. पुढचे पंधरा दिवस मी कॉल सेंटरला फोन करत होतो, दर वेळी नवीन माणूस, दर वेळी पहिल्यापासून सांगायचं, आणि तिसऱ्या वेळी कळलं की तक्रार "ग्राहक समाधानी" म्हणून बंद झालीये. कोण ग्राहक? मग 1915 ला फोन लावला, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर आहे, बिलाचा फोटो जवळ ठेवा, पैसे काही लागत नाहीत. आठवड्याभरात कंपनीतून एका बाईंचा फोन आला, आवाजातली साखर वाढली होती. मजुरी माफ म्हणाल्या, पण मशीन तुम्हीच पुण्याला पाठवायचं. कुरिअरवाल्याला विचारलं तर जाऊन-येऊन 1,100. म्हणजे 1,450 माफ करूनही 1,100 आपल्याच खिशातून.

सोलापूर म्हटलं की बाहेरच्या लोकांना चादर आठवते, पण शाळेचे युनिफॉर्म शिवणारे कारखाने इथं शेकड्याने आहेत, पूर्व भागात गेलात तर गल्लोगल्ली मशीनचा आवाज. आणि जिथं एवढी मशीनं तिथं मिस्त्री असणारच, हे माझ्या डोक्यात यायला एक महिना का लागला कुणास ठाऊक. लॅबमधल्या शिपायाने एका अण्णांचा पत्ता दिला. छोटं दुकान, बाहेर उघडी पडलेली कारखान्यातली मशीनं, आत अण्णा. मशीन टेबलावर ठेवल्याबरोबर म्हणाले, "जीन्स मारली का सर?"

खाली वॉरंटीचं स्टिकर होतं. अण्णांनी स्क्रूड्रायव्हर धरून माझ्याकडं बघितलं, "फाडू?" वॉरंटी अजून बरीच शिल्लक होती. दोन मिनिटं विचार केला आणि म्हणलं फाडा.

मग त्यांनी प्लेट काढून, चाक हाताने हळूहळू फिरवत मला दाखवलं की काय बिघडलंय, आणि खरं सांगतो, त्या पाच मिनिटांत मला मशीन जेवढं कळलं तेवढं चार महिन्यांत कळलं नव्हतं. सुई पार खाली जाऊन जरा वर यायला लागली की तिच्या मागच्या बाजूला दोऱ्याचा एक छोटा फास तयार होतो. बरोबर त्याच क्षणी हुकचं (बॉबिनभोवती फिरणारा आकडा) टोक तिथं पोचलं पाहिजे, नेढ्याच्या किंचित वर, म्हणजे ते फास पकडून खालच्या दोऱ्याभोवती फिरवतं आणि टाका पडतो. सुई आपटली तेव्हा आतला खालचा गिअर दांड्यावर जागचा हलला होता, त्यामुळं हुक उशिरा येत होता, फास तोपर्यंत मोडलेला. गिअरचे स्क्रू सैल केले, हुक जागेवर आणला, परत आवळले. वीस मिनिटं. 250 रुपये. कापड पुढं सरकवणाऱ्या दातांमध्ये साचलेला कापसासारखा थर ब्रशने काढून दिला तो वेगळा, वर विचारलं, "हे कधी काढलंच नाही का?"

आणि इथं मला थोडं मागं यायला लागतं, कारण अण्णांनी तुटलेल्या सुईचा नंबर विचारला. 14 नंबर होता. जीन्सला 16, जाड असली तर 18 लागते. शिवाय ती जाड शिवण येते तिथं आधी हातोडीने ठोकून चपटी करायची (आम्ही आता घरचा बत्ता वापरतो), फुटाच्या मागं जाड पुठ्ठ्याची घडी ठेवायची म्हणजे फूट वाकडा न होता सपाट राहतो, आणि तिथले पाच-सहा टाके पायाने नाहीच, चाक हाताने फिरवून काढायचे. यातलं मी एकही केलं नव्हतं. तेव्हा तो मुलगा युझर डॅमेज म्हणाला ते अगदीच खोटं नव्हतं. पण पॅडल पळालं नसतं तर सुई आपटली असती का? नसती. यावर मी ठाम आहे.

अण्णांनी अजून एक विचारलं, घरात दुसरं मशीन नाही का. आहे की, बायकोने माहेराहून आणलेलं काळं पायमशीन, लुधियानाचं हेड (वरचं मशीन), दहा वर्षं त्याच्यावर इस्त्रीचे कपडे ठेवतो. ते जाम झालं होतं म्हणून तर नवीन घेतलं. जाम का झालं? तर तेल संपलं म्हणून कुणीतरी (माझी आई) खोबरेल घातलं होतं, आणि खोबरेल सुकून आत गोंदासारखं चिकटतं. अण्णा म्हणाले सगळ्या भोकांत थोडं थोडं रॉकेल सोडा, रात्रभर ठेवा, सकाळी चाक हलवा, मोकळं झालं की पुसून मशीनचं तेल घाला. रॉकेल मिळवायलाच दोन दिवस गेले. पण झालं! चामड्याचा पट्टा 60 रुपयांना नवीन आणला आणि ते धडधडत सुरू झालं.

आता माझं मत असं आहे, आणि ते ऑक्टोबरमधल्या माझ्या मताच्या उलट आहे. सरळ टीप मारायची असेल तर काळ्या मशीनच्या जवळपास हे नवीन येत नाही. त्याच्या प्लेटला बारीक गोल भोक असतं, कापड आत जायला जागाच नाही, टाका कसा दाणेदार, सरळ रेषेत पडतो. जीन्स आता त्याच्यावरच करतो. लाइट गेली तरी चालतं. आणि त्याचं पॅडल लोखंडी आहे, खाली स्टँडला जोडलेलं. पळत नाही.

मग नवीन विकून टाकू का? मध्ये मनात आलं होतं, जाहिरातीसाठी फोटोसुद्धा काढले. पण तेवढ्यात पोराच्या टी-शर्टचं निघालं. होजिअरीचं कापड काळ्या मशीनवर सरळ टिपेने शिवलं तर ओढल्यावर दोरा तुटतो, शिवण ताणत नाही. नवीनवर बारीक झिगझॅग मारला, सुरुवातीला टाके सुटत होते, मग बॉलपॉइंट सुई आणली (टोक गोलसर असतं, धागा न फाडता बाजूला सारून आत जाते) आणि काय सांगू, दुकानातल्यासारखं झालं. त्या दिवसापासून घरातले सगळ्यांचे नाइट पँट, बनियन, लेगिंग माझ्याकडं येतात. काजं पण बरी होतात, चार टप्प्यांत करायला वैताग येतो पण होतात. सुईत दोरा ओवायचं ते छोटं खिटीचं यंत्र मी पहिल्या दिवशी खेळणं म्हणून हिणवलं होतं. माझं वय 47, जवळचं चष्म्याशिवाय दिसत नाही, आता ते खेळणं मोडलं तर मी शिवणं सोडीन.

बारीकसारीक गोष्टी. काळ्या मशीनच्या बॉबिन याला बसल्या, केस बसली नाही. स्वस्त रिळाचा दोरा वापरू नका, दहा रुपये वाचतात आणि लव सगळी आत जाते. लाइटचा उजेड सुईच्या डावीकडं पडतो आणि आपल्याला उजवीकडं बघायचं असतं, पण हे चालतं.

पॅडलचा बंदोबस्त शेवटी सायकलच्या जुन्या ट्यूबने झाला. ट्यूब उभी कापून सपाट केली, पॅडलच्या तळाला पूर्ण चिकटवली, पंक्चर काढायच्याच सोल्युशनने. खर्च शून्य, ट्यूब घरातलीच. चार महिने झाले, एक सूतभर हललेलं नाही. गेल्या महिन्यात कंपनीचा फोन आला, तुमची तक्रार निकाली काढतोय, समाधानी आहात का? मी पॅडलच्या खालच्या रबराबद्दल बोलायला सुरुवात केली तर त्यांनी फोन ठेवला.

पाचपैकी साडेतीन. अर्धा पॅडलचा कापला, एक सर्व्हिसचा. नाही, उलटं करा, एक पॅडलचा. आत्तापर्यंत हिशोबाने दोन हजार वाचले असतील, त्यातून अण्णांचे, व्हिजिटचे, सुयांचे आणि पट्ट्याचे वजा. आता उठतो, मेहुणीच्या चार साड्या आल्यात पिकोला. तिच्याकडून पैसे घ्यायचे नाहीत असं ठरलंय, मी ठरवलेलं नाही.